डेमलो स्थानकावर सुचलेली संख्या

अंबरनाथच्या शिवमंदिरातील शिलालेखात शके ९८२ हे वर्ष आहे. त्यात ७८ मिळवले की इसवी सन १०६० हाती येते. इतिहास शिकविताना आम्ही सांगतो, की अंक हाही पुरावाच असतो. मात्र तो पडताळून घ्यावा लागतो. हीच शिस्त शिकविणारी एक संख्या आपल्याच रेल्वेमार्गावर, कल्याणच्या अलीकडे, जन्मास आली.

देवळालीच्या शाळेत १९३० ते १९६२ या काळात अध्यापन करणारे दत्तात्रय रामचंद्र कापरेकर यांना काही विशिष्ट संख्यांची कल्पना डेमलो, म्हणजे आजच्या डोंबिवली, स्थानकावर सुचली. म्हणून त्यांनी त्या संख्यांना ‘डेमलो संख्या’ असे नाव दिले. त्यांच्यातील एका सुबक शाखेचा येथे विचार करू.

११ चा वर्ग १२१, १११ चा वर्ग १२३२१. नऊ एकांच्या १११११११११ या संख्येचा वर्ग केला असता १२३४५६७८९८७६५४३२१ ही सतरा अंकी संख्या मिळते. तिच्या अंकांची बेरीज ८१ आहे. म्हणून तिला ९ ने निःशेष भाग जातो. १११११११११ चे मूळ अवयव ३, ३, ३७ आणि ३३३६६७ असे आहेत. त्यामुळे तिच्या वर्गात ३ चा चौथा घात, ३७ चा वर्ग व ३३३६६७ चा वर्ग येतो. प्रत्येक घातांकात एक मिळवून गुणाकार केला, की ५ × ३ × ३ म्हणजे ४५ विभाजक मिळतात.

आता दहा एकांचा वर्ग काय येईल? चढत्या-उतरत्या अंकांची तीच रांग पुढे चालेल, असे मन म्हणते. प्रत्यक्षात उत्तर येते १२३४५६७९००९८७६५४३२१. चढत्या बाजूचा आठ नाहीसा झाला, मध्ये दोन शून्ये आली. याचे कारण गुणाकाराच्या मांडणीत आहे. एकेक घर सरकवून मांडलेल्या ओळींची उभी बेरीज १, २, ३ अशी चढते. नऊपर्यंत हातचा येत नाही. दहा ओळी होताच मधल्या रकान्यात १० येतात आणि हातचा डावीकडील अंकही बदलून टाकतो.

विद्यार्थी मित्रहो, नऊ वेळा खरे ठरलेले दहाव्या वेळी खरे ठरेलच असे नाही. वारंवार दिसते म्हणून मानणे वेगळे आणि कारण कळले म्हणून मानणे वेगळे. शेकडो वर्षे चालत आले एवढ्यावरच जे मान्य करावयास सांगितले जाते, त्यालाही हीच कसोटी लावावी.

कापरेकरांपाशी पदव्युत्तर पदवी नव्हती. अनेकांनी त्यांच्या कामाची उपेक्षा केली. १९७५ साली मार्टिन गार्डनर यांनी ‘सायंटिफिक अमेरिकन’ मासिकात त्यांच्याविषयी लिहिले आणि त्यांचे नाव जगभर पोहोचले. त्यांच्या कार्याला लागले ते कागद, पेन्सिल आणि चिकाटी. आमच्या वसतिगृहातील प्रत्येक मुलामुलीपाशी ही साधने आहेत. अकरा एकांचा वर्ग आज स्वतः करून पाहावा, आणि उत्तरासमोर त्याचे कारणही लिहावे.