'लाइट' : शब्द एक, अर्थ अनेक

नंदिगड्डे येथे 'लाइट गेली' म्हटले की आम्ही वीज समजतो. मूळ इंग्रजी शब्दाचे अर्थ मात्र अनेक : प्रकाश, दिवा, पेटविणे, फिकट, हलके. इंग्रजी शास्त्रात मत्तय ५:१४ येथे तो 'प्रकाश' आहे, तर ११:३० येथे 'हलके'. ग्रीक व मराठी शास्त्रात मात्र येथे दोन निराळे शब्द आहेत.

आमच्या जोयडा तालुक्यात काळी नदीवर सुपा धरण झाले. त्या पाण्यावर वीज निर्माण होते, इतरांची घरे उजळतात. परंतु जुने सुपा गाव बुडाले आणि तेथील कुटुंबांवर विस्थापनाचे ओझे पडले. आम्हांला जगाचा प्रकाश म्हटले आहे. मग आमच्यामुळे शेजाऱ्याचे ओझे हलके होते की वाढते?