मुंढ्याखालचा डाग

अरे, वहिनीनं परवा तुझा पांढरा शर्ट आणून दाखवला. बाकी सगळा नवाकोरा आणि दोन्ही काखांत हळदीचा हात पुसल्यासारखा पिवळा. "वन्सं, तुम्ही जन्मभर मुंढेच बघितलेत, तुम्हीच सांगा त्याला," म्हणाली. खरंय ते. चाळीस वर्षं मी ब्लाउज शिवले. उसवायला आलेला मुंढा हातात घेतला की त्या बाईला घाम किती येतो, कपडा धुते कशी, इस्त्री कधी करते, सगळं कळतं. पुरुषांच्या शर्टांचं काही निराळं नसतं. फक्त ते दुरुस्तीला येत नाहीत, सरळ फरशी पुसायला जातात.

घामाला एकट्याला दोष देऊ नकोस. घाम म्हणजे मुख्यतः पाणी आणि मीठ. काखेतल्या काही ग्रंथींच्या घामात थोडी चरबी आणि प्रथिनं असतात, त्यांवर कातडीवरचे जंतू जगतात आणि वास सुटतो. पण तुझ्या शर्टावरचा डाग बोटाला कडक लागतोय, खळ घातल्यासारखा. तो त्या रोल-ऑनचा. बाटली फिरवून मागची बारीक अक्षरं वाच, 'ॲल्युमिनियम' शब्द सापडेल. हा क्षार घामाच्या छिद्रांत बुचासारखा बसतो, म्हणून घाम कमी येतो. जो कातडीवर उरतो तो कापडाला लागतो, घामात आणि अंगाच्या तेलात कालवला जातो आणि धाग्यात मुरतो. नुसत्या वासाच्या डिओनं घाम थांबत नाही, पण असला डागही सहसा पडत नाही. तुला काय हवंय ते तू ठरव.

घाम थांबवणारंच लावायचं असेल तर ते रात्री लाव, झोपताना, कोरड्या काखेत, अगदी पातळ. तेव्हा घाम कमी असतो, बूच नीट बसतं आणि सकाळच्या अंघोळीनं निघून जात नाही. तू काय करतोस ते मला ठाऊक आहे. गाडी पकडायच्या घाईत अंघोळीनंतर ओल्याच काखेत तीन-चार हात फिरवायचे आणि वरून शर्ट चढवायचा. मग अर्धं कातडीला आणि अर्धं शर्टाला. त्यावर पावडर तर मुळीच मारू नकोस, तिचा लगदा होतो.

तुझे आजोबा दाढी झाली की तोच तुरटीचा खडा ओला करून काखेत फिरवायचे. वास कमी व्हायचा, हे खरं. मात्र हल्ली 'केमिकल नको, तुरटी बरी' म्हणणाऱ्यांना मी मुद्दाम सांगते, तुरटी हाही ॲल्युमिनियमचाच क्षार आहे.

आता बंडी. तुमच्या पिढीला ती म्हाताऱ्यांची वाटते. घातलीच तर बिनबाह्यांची, म्हणजे जिथं घाम तिथंच कापड नाही! लोकलमध्ये वरची कडी धरून उभा राहतोस तेव्हा शर्टाची काख थेट कातडीला घासत असते. मध्ये अर्ध्या बाहीची सुती बंडी असली की घाम आणि रोल-ऑन दोन्ही तिला लागतं आणि शर्ट वाचतो. शर्टही निवडून घे. पॉलिएस्टर पाणी पीत नाही, पण अंगाचं तेल धरून ठेवतं, म्हणून धुतलेल्या शर्टालाही इस्त्री फिरली की जुना वास येतो. आणि मुंढा घट्ट घेऊ नकोस. फिटिंग फिटिंग म्हणून शिंप्याकडून मुंढा वर चढवून घेतात, मग काख कापडात अडकते आणि वारा लागत नाही. माझ्याकडे येणाऱ्या मुलींना मी अर्धा इंच खाली घ्यायला लावायची. आधी तोंड वाकडं करायच्या, मे महिन्यातलं एखादं लग्न झालं की आपणहून मागायच्या.

लग्नाच्या भरजरी ब्लाउजांना मी आतून घामपट्ट्या लावायची. जुन्या सुती साडीचे मऊ झालेले तुकडे अर्धचंद्रासारखे कापायचे, दोन पदर एकावर एक, कडेनं धावदोरा, आणि मुंढ्याच्या शिवणीला दोन टिचबटणं. कार्य झालं की पट्टी काढून धुवायची, रेशमाला पाणी लावायला नको. तुझ्या शेरवानीला मीच लावून देईन, वेळ येईल तेव्हा.

धुण्याचं माझ्या सासूबाईंनी शिकवलं. अंगावरून उतरलेला कपडा त्या खुंटीला लावू द्यायच्या नाहीत. शर्ट उलटा करायचा, काख साध्या पाण्याखाली धरायची, आतल्या बाजूनं साबण हलका चोळायचा आणि ठेवून द्यायचा. कढत पाणी नको, त्यानं घामातली प्रथिनं धाग्यात घट्ट बसतात. ब्रशनं खसाखसा घासूही नकोस, कापड विरतं आणि डाग जागचा हलत नाही.

पडलेला डाग असा काढ. पांढरं व्हिनेगर एक वाटी, पाणी चार वाट्या, त्यात काख अर्धा तास बुडवून ठेव. आंबटानं तो क्षार सुटतो. आमच्या वेळी लिंबू चोळून उन्हात टाकायचे, तत्त्व तेच, फक्त रंगीत कपड्याचा रंग उडतो. मग शर्ट खळबळून खायच्या सोड्याची पाण्यात कालवलेली पेस्ट लाव, तासभर ठेव आणि नेहमीसारखा धू. व्हिनेगर आणि सोडा एकत्र ओतू नकोस. फेस छान येतो, पण दोघं एकमेकांना मारतात आणि हाती उरतं खारट पाणी. व्हिनेगर आणि ब्लीच तर कधीच एकत्र नको, त्यातून क्लोरीन वायू निघतो, छातीला बाधतो. पिवळ्या काखेवर नुसतं ब्लीचही ओतू नकोस, घामाचा डाग त्यानं आणखी पिवळा होतो. एक गिऱ्हाईक पांढऱ्या ब्लाउजला ब्लीच लावून माझ्याकडे रडत आली होती, मला शेवटी दोन्ही बाह्या बदलाव्या लागल्या.

नीळ म्हणशील तर इथं मी सासूबाईंचंही ऐकत नाही. निळीनं पिवळेपणा डोळ्याला दिसेनासा होतो, डाग तिथंच राहतो, आणि जास्त झाली की काख हिरवट दिसते. डाग असताना इस्त्रीही नको, उष्णतेनं तो पक्का होतो. इस्त्रीवाल्याकडे द्यायच्या आधी शर्ट उजेडात धरून काख बघ. पिवळं दिसलं तर पुन्हा व्हिनेगर. पांढरे सुती शर्ट उलटे करून उन्हात घाल. रेशमाला मात्र ऊन, लिंबू, सोडा काहीच नको. रिठ्याचं पाणी आणि सावली.

एवढं करूनही बसल्या बसल्या शर्ट भिजत असेल, किंवा रात्री अंथरूण ओलं होत असेल, तर मला नाही, डॉक्टरांना सांग.

अर्ध्या बाहीच्या चार बंड्या वहिनीकडे दिल्यात. माप तुझ्या दिवाळीच्या शर्टावरून घेतलंय. त्यानंतर मेसचं जेवण अंगी लागलं असेल तर छाती मोजून कळव, दुकानदार रविवारपर्यंत बदलून देईल म्हणालाय.