नाण्याचे मोल आणि नाण्यावरील पाठ

तंजावर जिल्ह्यात, कुंभकोणमपासून अर्ध्यापाऊण तासाच्या वाटेवर, वेट्टार नदीकाठी तिरुक्करुगावूर हे गाव आहे. गर्भरक्षांबिकेच्या दर्शनासाठी तेथे दूरदूरचे लोक येतात. हा सारा मुलूख 1676 ते 1855 मराठी राजांच्या अमलाखाली होता. मराठी अभ्यासकाला तेथे परकेपणा जाणवत नाही, याचे हेही एक कारण असावे. देवळाच्या रस्त्यावर जुनी नाणी मांडून बसलेल्या एका विक्रेत्यापाशी प्रस्तुत लेखक थांबला, आणि पुढील विवेचनास तेथून आरंभ झाला.

त्याच्या ताटातील सर्वांत महाग वस्तू म्हणजे रामपंचायतन उमटवलेला पितळी तुकडा. मागील बाजूस ईस्ट इंडिया कंपनीचे नाव आणि 1818 हे साल. कंपनीने असे नाणे कधीही पाडले नाही. हा अलीकडचा, भाविकांच्या आणि भोळ्या संग्राहकांच्या खपासाठी केलेला माल होय. मात्र त्यामागील असत्य अगदीच निराधार नाही. मद्रासेच्या कंपनीने आपल्या काही नाण्यांवर खरोखरच विष्णुमूर्ती आणि गोपुर घातले होते, आणि त्या आठवणीचा आधार घेऊनच हे बनावट साल पटवून दिले जाते.

त्याच ताटाच्या कडेला, जवळजवळ मोडीच्या भावाने, एक काळवंडलेला तांब्याचा काशू पडला होता. एका अंगास उभी मानवाकृती, दुसऱ्या अंगास बसलेली, आणि तिच्या बाजूला नागरी अक्षरांत ‘श्री राजराज’. म्हणजे तंजावरचे बृहदीश्वराचे देऊळ बांधणारा पहिला राजराज चोळ (985–1014). तमिळ देशातील हजार वर्षांपूर्वीचा हा लेख मराठी वाचकाला थोड्या सवयीने वाचता येतो. त्याच देवळाच्या भिंतीवर 1803 साली भोसले घराण्याचा इतिहास मराठीत कोरला गेला, हे ध्यानात घेतले म्हणजे या लिपीचा त्या प्रदेशातील वावर किती जुना आहे ते कळते.

मग हे नाणे इतके स्वस्त का? कारण ते विपुल आहे. जुनेपणाने किंमत वाढते, ही समजूत बाजारात टिकत नाही. सहाव्या जॉर्जचा 1938 चा रुपया तुलनेने सहज मिळतो, 1939 चा मात्र अत्यंत दुर्मिळ म्हणून कितीतरी पटींनी विकला जातो. दोहोंत अंतर एका वर्षाचे! धातूचाही यात फारसा संबंध नाही. किती नमुने उरले, ते कोणत्या स्थितीत उरले आणि किती जणांना ते हवे आहेत, या तीन गोष्टींवर भाव ठरतो.

येथे वाङ्मयाभ्यासकाने थोडे रेंगाळावे असे एक उदाहरण आपल्या घरचेच आहे. शिवराई पैशावर एका बाजूस ‘श्री राजा शिव’ आणि दुसऱ्या बाजूस ‘छत्रपति’ असते. ठसा मोठा आणि तांब्याची चकती लहान, म्हणून बहुतेक शिवरायांवर लेख तुटलेला उमटतो. कोठे ‘श्री’ गेली, कोठे ‘पति’. पूर्ण लेखाची शिवराई म्हणूनच मोलाची. शिवाय टांकसाळी अनेक आणि ठसे खोदणारे हात निरनिराळे. त्यामुळे ‘शिव’, ‘सिव’, ‘सीव’ असे पाठभेद आढळतात. हस्तलिखितांचा संपादक अशुद्ध पाठ तळटीपेत ढकलतो. संग्राहक त्याच अशुद्ध पाठासाठी, तो विरळा असल्यास, अधिक पैसे मोजतो. दोघेही अक्षरे मोजतात, पण त्यांचे आदर उलट दिशांनी चालतात. माझ्या मते ठसे खोदणाऱ्या त्या अनाम कारागिरांच्या लेखनसवयी समजून घ्यायच्या, तर या बाबतीत संग्राहकाचे ऐकणे हिताचे.

वाचनाने मोल कसे जन्मास येते, याचा दाखला तमिळनाडूतच आहे. ‘दिनमलर’चे संपादक आर. कृष्णमूर्ती यांनी 1980 च्या दशकात व्यापाऱ्याकडून घेतलेल्या तांब्याच्या नाण्यांपैकी एकावर तमिळ-ब्राह्मी अक्षरांत ‘पेरुवळुदी’ हे पांड्य नाव वाचले. संघसाहित्यातील राजनामाला नाण्याचा आधार मिळाला. त्या अक्षरांवाचून तो तुकडा निव्वळ तांबे होता.

पण एक गोष्ट बाजार मोजत नाही: नाणे कोठे सापडले ती जागा. अभ्यासकाला तीच सर्वांत मोलाची. 1878 च्या निखात निधी कायद्यानुसार 10 रुपयांहून अधिक मोलाची पुरलेली ठेव सापडल्यास जिल्हाधिकाऱ्यास कळवावे लागते. त्यामुळे सापडणारा गप्प राहतो आणि विकणाऱ्यास ठाऊक नसते, किंवा तो तसे सांगतो. पाठ हाती राहतो. संदर्भ मात्र पहिल्याच सौद्यात नाहीसा होतो.

राजराजाचा तो काशू कोठे मिळाला, असे मी विक्रेत्यास विचारले. “नदीत,” तो म्हणाला. कोणत्या नदीत, असे पुन्हा विचारले, तेव्हा त्याने किंमत थोडी उतरवली.