कावळ्याला नाव देऊ नकोस

पुणे

चि. मनूस,


परवा फोनवर तुझा आवाज उतरलेला वाटला. बोलता बोलता दोनदा दुसरे फोन आले, तू दोन्ही कापलेस, आणि आपलं बोलणं अर्धवटच राहिलं. म्हणून आज लिहायला बसलो.

तुझ्या चित्रमालिकेतली आजी आणि तिच्या खिडकीतला कावळा आता घरोघरी पोचलेत. आमच्या वाण्याकडच्या मुलाने मला स्वतःच्या फोनवर तुझंच चित्र दाखवलं. ते माझ्या पुतणीने काढलंय म्हटलं, तर त्याला खरं वाटेना. घरी येईपर्यंत माझे पाय जमिनीवर नव्हते. पण तू म्हणालीस ना, "काका, मी खाडीतली तिवरं काढली, तर सगळे विचारतात कावळा कुठे गेला", ते तेव्हापासून मनात सलतंय. त्यात ही कंपनी तुझा कावळा मागायला आली आहे. कप, टी-शर्ट, स्टिकर, आणि पितृपक्षात कावळ्याच्या तोंडून फरसाणाची जाहिरात.

माझ्या कपाटातल्या खालच्या खणातली 'कॅल्व्हिन अँड हॉब्ज'ची पुस्तकं आठवतात? मुंबईत फाउंटनच्या फूटपाथवरून एकेक करून जमवलेली. इंग्रजी वाचता येत नव्हतं तेव्हापासून तू ती पालथी पडून बघायचीस. त्यातल्या वाघाबद्दल तू मला एकदा विचारलं होतंस, "हा खरा आहे की खोटा?" मी म्हटलं होतं, तूच सांग.

ती चित्रमालिका काढणारा अमेरिकेतला बिल वॉटरसन. पहिली व्यंगचित्रकाराची नोकरी काही महिन्यांतच गेली, मग चार वर्षं तो वाणसामान आणि मोटारींच्या जाहिरातींची मांडणी करत बसला होता. रात्री घरी येऊन चित्रमालिका काढायच्या, पाठवायच्या, नकार घ्यायचे. 18 नोव्हेंबर 1985 ला कॅल्व्हिन वर्तमानपत्रांत छापून येऊ लागला. पुढे तो दोन हजारांहून अधिक वर्तमानपत्रांत गेला, आणि दारात बाहुल्यावाले, भेटकार्डवाले, टीव्हीवाले येऊन उभे राहिले. तो सगळ्यांना नाही म्हणाला.

का, ते नीट बघ. तो पोरगा, कॅल्व्हिन, एकटा असतो तेव्हा हॉब्ज जिताजागता वाघ असतो, बोलतो, भांडतो, त्याच्यावर झेप घेतो. चौकटीत आई आली की तोच वाघ शिवणीचा, कापूस भरलेला, मान कललेला. दोन्हींतलं खरं कोणतं हे वॉटरसनने दहा वर्षांत एकदाही सांगितलं नाही. सगळी जादू त्या न सांगण्यात. आता दुकानात कापडी हॉब्ज टांगला तर काय होईल? उत्तर मिळालं, तो कापडीच. त्याच्या नकाराची आणखीही कारणं होती, पण मला हे सर्वांत मोठं वाटतं, कारण ते चित्राच्या पोटातून आलेलं आहे.

आता तुझा कावळा घे. आजोबा गेल्यावर तो खिडकीत यायला लागला. आजी त्याच्याशी भाजीच्या भावावरून बोलते, गुडघ्यावरून कुरकुरते, आणि तो नुसता मान तिरकी करून बघतो. ते आजोबा आहेत की पोळीच्या तुकड्याला सोकावलेला पक्षी, हे तू कधी बोलली नाहीस. आपल्याकडे कावळा पिंडाला शिवेपर्यंत माणसं ताटकळत उभी राहतात, म्हणून वाचणाऱ्याच्या घशाशी काहीतरी येतं. त्या कावळ्याला फरसाण मागायला लावलंस की तो आजोबाही उरणार नाही आणि कावळाही नाही.

मला हे कळलं ते स्वतःच्या हाताने करून. तू जन्मायच्या आधी दिवाळी अंकांत माझा छत्रीवाला म्हातारा येत असे. भर उन्हाळ्यात छत्री उघडून चालणारा, तोंडातून अवाक्षर न काढणारा. एका कंपनीने तो जाहिरातीसाठी मागितला. तुझ्या काकूचं ऑपरेशन व्हायचं होतं, पैसे चांगले होते, मी सही केली. त्याचा मला आजही पश्चात्ताप नाही. पण करार मी वाचला नव्हता. त्यांनी म्हाताऱ्याला बोलता केला, आणि मला दोन वर्षं तो बोलताना काढावा लागला. करार संपल्यावर दिवाळी अंकासाठी कागद पुढे ओढला. छत्री आली, धोतर आलं, चेहरा येईना. पुन्हा कधीच आला नाही.

म्हणून करार आधी माझ्याकडे पाठव, आणि एखाद्या वकिलालाही दाखव. चित्राचे हक्क कोणाकडे राहणार, किती वर्षं, आणि कावळ्याच्या तोंडी शब्द घालायचा अधिकार कोणाला, ही तीन कलमं शोध. वॉटरसननेही सुरुवातीला हक्क लिहून दिले होते, जसे तिथले बहुतेक जण देत. चित्रं वर्तमानपत्रांना वाटणारी त्याची संस्था मनात आणती तर त्याला न विचारता बाहुल्या काढू शकली असती. ते हक्क परत मिळवण्यात त्याची उमेदीची वर्षं गेली. 1991 मध्ये नवा करार झाला तेव्हा तो इतका थकला होता की त्याने नऊ महिने सुट्टी घेतली.

पण म्हणून त्याला संन्यासी समजू नकोस. त्याची पुस्तकं लाखोंनी खपली, ते पैसे त्याने घेतले, घ्यायलाच हवे होते. आणि नावाचा उपयोगही त्याने केला, फक्त एका गोष्टीसाठी. तिकडे रविवारची चित्रमालिका वर्तमानपत्रं जागेप्रमाणे कापत, वरची चौकटींची ओळ सर्रास गाळून टाकत. त्यामुळे त्या चौकटींत गाळता येईल असंच काहीतरी काढावं लागे. सुट्टीवरून परतल्यावर त्याने सांगितलं की अर्धं पान द्या, आणि ते कापायचं नाही. संपादक चिडले, पण बहुतेकांनी दिलं. त्यानंतरचे रविवार काढून बघ. डायनोसोर पानभर धावतात, बर्फ नुसता पांढरा पसरलेला राहतो, ब्रशची रेघ मोकळा श्वास घेते. मोठ्या नावाच्या बदल्यात त्याने चित्रासाठी जागा मागून घेतली. हे मला त्याच्या सगळ्या नकारांहून मोठं वाटतं.

आणि माणसागणिक हे वेगळं असतं, तेही विसरू नकोस. वॉटरसन ज्याला फार मानायचा त्या चार्ल्स शुल्झचा स्नूपी कपांवर, चादरींवर, सगळीकडे होता. तरी शुल्झ जवळपास पन्नास वर्षं रोजची रेघ स्वतः ओढत राहिला. त्याच्या चित्राला ते सोसलं. तुझ्या आजीचं चित्र कपावर आलं तर मला खुपणार नाही. कावळा बोलला तर खुपेल.

राहता राहिली तिवरं. 31 डिसेंबर 1995 ला वॉटरसनने कॅल्व्हिन थांबवला. सगळं जोरात चाललेलं असताना. मग तो निसर्गचित्रं रंगवत बसला, कोणाला न दाखवता. 2014 साली दुसऱ्या एकाच्या चित्रमालिकेत तीन दिवस नाव न सांगता चित्रं काढून गेला, आणि कोणाला कळण्याआधी गप्प बसला. 2023 मध्ये जॉन कॅश्ट या चित्रकाराबरोबर त्याचं नवं पुस्तक आलं, त्यात पोरगाही नाही आणि वाघही नाही. वाघ कुठे गेला असं त्यालाही लोकांनी विचारलंच असणार.

तुला विचारणारे लोक वाईट नाहीत ग. त्यांना कावळा आवडलाय, तो त्यांना दे, महिन्यातून एकदा दे, तुझ्या मनात येईल तेव्हाच दे. पण भरती ओसरल्यावर चिखलातून वर आलेली ती मुळं, खिळे ठोकल्यासारखी उभी, त्यांच्यात फिरणारा खेकडा, हे जे तू मला अर्धा तास न थांबता सांगत होतीस, तेव्हा तुझा आवाज उतरलेला नव्हता. ते कुठेही टाकू नकोस सध्या. वर्षभर वहीत राहू दे. कोणी बघत नसताना ती रेघ कुठे जाते ते तुलाच आधी कळू दे.

रविवारी ये. काकू थालीपीठ लावणार आहे. कराराचे कागद आण, आणि खाडीची वही आण. पहिल्या पानापासून बघायची आहे मला, बिघडलेली पानंसुद्धा.

तुझा,
काका