दोन उतारांचा दृष्टांत : तकदीर, तवक्कुल आणि पावसाळ्याची तयारी



पाऊस ही अल्लाहची रहमत आहे. मृत जमिनीला पुन्हा जिवंत करणाऱ्या या पाण्याकडे कुरआनने वारंवार आपले लक्ष वेधले आहे. परंतु कोकणातील आपल्या वाड्या-मोहल्ल्यांना याच पावसाचे दुसरे रूपही ठाऊक आहे. जुलै 2005 मध्ये महाड तालुक्यातील दासगाव, जुई, कोंडिवते आणि रोहन येथे दरडी कोसळल्या. 3 जून 2020 रोजी निसर्ग चक्रीवादळाने श्रीवर्धन-दिवेआगरच्या नारळी-पोफळीच्या बागा आडव्या केल्या. 22 जुलै 2021 रोजी तळिये येथे डोंगर खचून ऐंशीहून अधिक माणसे गेली. त्याच दिवसांत महाड आणि चिपळूण पाण्याखाली होते. 19 जुलै 2023 च्या रात्री खालापूर तालुक्यातील इरशाळवाडी ढिगाऱ्याखाली गेली.

अशा वेळी घर सोडण्याची सूचना आली की अनेक घरांतून एक वाक्य ऐकू येते : ‘तकदीरमध्ये असेल ते होईल.’ हे वाक्य ईमानाचे आहे की केवळ टाळाटाळीचे, हे आज तपासून पाहू.

हजरत उमर (रजि.) यांचा निर्णय

बुखारी आणि मुस्लिम या दोन्ही संग्रहांत एक प्रसंग आला आहे. खलिफा हजरत उमर (रजि.) सीरियाकडे निघाले असता सर्ग या ठिकाणी त्यांना पुढे प्लेगची साथ असल्याचे कळले. त्यांनी प्रथम मुहाजिरांशी, मग अन्सारांशी आणि शेवटी कुरैशच्या ज्येष्ठांशी सल्लामसलत केली व परतण्याचा निर्णय घेतला. तेव्हा हजरत अबू उबैदा (रजि.) यांनी विचारले, हा अल्लाहच्या तकदीरपासून पळ नव्हे काय? उमर (रजि.) यांच्या उत्तराचा आशय असा, की आपण अल्लाहच्या एका तकदीरकडून त्याच्याच दुसऱ्या तकदीरकडे जात आहोत. मग त्यांनी दृष्टांत दिला : एका दरीचे दोन उतार आहेत, एक हिरवा, दुसरा उजाड. उंट कोणत्याही उतारावर चारला, तरी तो अल्लाहच्या तकदीरनेच चारला जाईल.

डोंगराच्या कुशीत राहणाऱ्या आपल्यासाठी हा दृष्टांत किती नेमका आहे! खचणाऱ्या उतारावर थांबणे जशी तकदीर, तशीच शाळेच्या भक्कम इमारतीत रात्र काढणे हीदेखील तकदीरच. निवड करण्याची अक्कल अल्लाहनेच दिली आहे आणि तिचा हिशेबही तोच घेईल.

तवक्कुलचा अर्थ

उंट मोकळा सोडून अल्लाहवर विसंबावे की बांधून, असे विचारणाऱ्याला प्रेषित (स.) यांनी आधी बांधण्यास व मग विसंबण्यास सांगितले, असे तिर्मिजीच्या संग्रहात आहे. रात्री दिवा विझवावा, भांडी झाकावीत, दार लावून घ्यावे, ही शिकवणही त्यांचीच. हजरत यूसुफ (अलै.) यांनी सुकाळाच्या सात वर्षांतच दुष्काळाचे धान्य कणसांत राखून ठेवण्यास सांगितले. तयारी ही तवक्कुलची पहिली पायरी आहे.

यात मृतांना दोष देण्याचा हेतू नाही. बुडून किंवा ढिगाऱ्याखाली मृत्यू आलेल्या ईमानधारकाला शहीदाचा दर्जा असल्याची शुभवार्ता हदीसमध्ये आहे. मात्र ती शुभवार्ता देणाऱ्या प्रेषितांनीच (स.) सावधगिरीही शिकवली.

निर्णय आधीच घ्यावा

आपल्या अनेक घरांतील कर्ता पुरुष आखातात नोकरीला असतो. घरी आई, पत्नी, मुले आणि वृद्ध सासू-सासरे. घर सोडायचे का, हे फोनवर विचारले जाते. आणि वादळी पावसात वीज व फोन हीच सर्वांत आधी बंद पडतात. म्हणून मशवरा पावसाळ्यापूर्वी व्हावा. कोणत्या खुणेवर निघायचे, कोठे जायचे, अंथरुणाला खिळलेल्या आजीला कोण उचलणार, हे ठरवून घरातील स्त्रीला निर्णयाचा पूर्ण अधिकार द्यावा. तिने परवानगीची वाट पाहत बसू नये.

खुणा ओळखाव्यात. जमिनीला किंवा भिंतीला नव्या भेगा, कलू लागलेली झाडे व विजेचे खांब, अचानक घट्ट बसू लागलेली दारे, एकाएकी गढूळ झालेला झरा, ही डोंगर सरकू लागल्याची लक्षणे आहेत. हवामान खात्याच्या भाषेत 24 तासांत 204.5 मिलिमीटर वा अधिक पाऊस म्हणजे अत्यंत मुसळधार पाऊस. लाल इशारा असेल, तर डोंगरपायथ्याच्या घरांनी खुणांचीही वाट न पाहता मगरिबपूर्वी, उजेड असतानाच निघावे. खूण दिसली, तर कोणत्याही वेळी लगेच निघावे.

पिशवी तयार असावी : आधार, रेशनकार्ड, पासपोर्ट व जमिनीचे कागद प्लास्टिकमध्ये बांधून, नेहमीची औषधे, बॅटरी, पाणी, सुके खाणे. पाणी चढू लागताच, हात-पाय कोरडे असतानाच मेन स्विच बंद करावा. जिल्हा नियंत्रण कक्षाचा 1077 आणि आपत्कालीन 112 हे क्रमांक भिंतीवर लिहावेत. गुरांचे दावे सोडावे. मांजर बांधून उपाशी मारणाऱ्या स्त्रीच्या शिक्षेची हदीस आपण जाणतो.

मशिदीचे कर्तव्य

पावसाच्या दिवशी हजरत इब्ने अब्बास (रजि.) यांनी मुअज्जिनला, लोकांनी घरीच नमाज अदा करावी, असे पुकारण्यास सांगितले होते. म्हणजे लोकांच्या सुरक्षिततेसाठी अजानच्या वेळी सूचना देणे ही सहाबांची रीत आहे. आपल्या मशिदीच्या ध्वनिक्षेपकावरून धोक्याची सूचना सर्व वाडीला, कोणत्याही धर्माच्या शेजाऱ्याला मिळावी. वीज गेल्यास घरोघरी कोण जाईल, हेही जमातीने ठरवावे. बुडणाऱ्याला वाचवण्यासाठी नमाज तोडणे आवश्यक आहे, असे फुकहांनी सांगितले आहे. यावरून एका जिवाचे मोल कळते.

घरी चर्चेसाठी

1. आपले घर कोणत्या उतारावर आहे आणि पाणी कोणत्या वाटेने उतरते?
2. निघण्याचा निर्णय कोण घेणार?
3. कोणत्या शेजाऱ्याला आपल्या हाताची गरज पडेल?

या जुम्म्याच्या रात्री सर्वांनी एकत्र बसून उत्तरे लिहून काढावीत. अल्लाहतआला आपल्याला उंट बांधण्याची अक्कल आणि त्यानंतर त्याच्यावर विसंबण्याचे बळ देवो. आमीन.