मुंबईत सुट्टीसाठी घर शोधू या : स्वस्त म्हणजे नेमकं किती?



दिवाळीची सुट्टी जवळ आली की घराघरांत एक विषय निघतोच. "यंदा मुंबई बघायची!" मुलांना राणीची बाग बघायची असते, आजीला समुद्र बघायचा असतो, बाबांना मात्र खर्च दिसत असतो. वर्षभर थोडे थोडे करून बाजूला ठेवलेले पैसे एका सहलीत संपतात. म्हणून राहण्याची जागा निवडताना घाई करायची नाही. जागा चुकली तर पैसेही जातात आणि सुट्टीही जाते.

आजच्या पाठात आपण हीच गोष्ट शिकणार आहोत. यात बेरीज, गुणाकार, भागाकार आहे, थोडा भूगोल आहे आणि थोडा व्यवहार आहे. वही-पेन घेऊन बसा. जमलं तर आई-बाबांनाही शेजारी बसवा.

आपलं उदाहरण

सोलापूरचं एक कुटुंब घेऊ. आई, बाबा, आजी, आजोबा, १३ वर्षांची मुलगी आणि ४ वर्षांचा मुलगा. एकूण ६ माणसं. आजीचे गुडघे दुखतात. सोलापूरहून रात्री सुटणारी सिद्धेश्वर एक्स्प्रेस सकाळी लवकर मुंबईत पोचते, त्या गाडीने ते येणार आहेत. मुंबईत ३ रात्री राहायचं आहे.

आता पहिला प्रश्न. सगळ्यात आधी काय शोधायचं? बहुतेक जण म्हणतील, "सर, भाडं!" तर नाही. आधी यादी करायची.

पायरी १ : काय बघायचं ते आधी लिहा

या कुटुंबाने यादी केली : गेटवे ऑफ इंडिया, घारापुरीची लेणी, छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय, राणीची बाग, वरळीचं नेहरू विज्ञान केंद्र आणि गिरगाव चौपाटी.

आता मुंबईचा नकाशा उघडा आणि या जागांवर खुणा करा. काय दिसलं? सगळ्या खुणा शहराच्या दक्षिण भागात आल्या. म्हणजे रोज जायचं आहे ते दक्षिणेकडेच. याच कुटुंबाला बोरिवलीचं राष्ट्रीय उद्यान आणि कान्हेरी लेणीच बघायची असती, तर खुणा उत्तरेला पडल्या असत्या आणि राहायची जागाही तिकडेच शोधावी लागली असती. म्हणून आधी यादी, मग नकाशा आणि त्यानंतर घर.

यादीसमोर सुट्टीचा वारही लिहा. राणीची बाग बुधवारी बंद असते. घारापुरीची लेणी सोमवारी बंद असतात. रविवारी लोकलच्या मार्गांवर दुरुस्तीसाठी मेगाब्लॉक असतो, गाड्या कमी होतात. हे आधी कळलं तर एक अख्खा दिवस वाचतो.

पायरी २ : "मुंबईत" म्हणजे नक्की कुठे?

जाहिरातीत लिहिलेलं असतं, "मुंबईत प्रशस्त फ्लॅट, स्टेशनपासून ५ मिनिटं." वाचून बरं वाटतं. पण दोन प्रश्न विचारायचेच. कोणतं स्टेशन? आणि ५ मिनिटं पायी की रिक्षाने?

छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसपासून (म्हणजे आपलं सीएसएमटी) ठाणे ३४ किलोमीटर आहे. १६ एप्रिल १८५३ रोजी देशातली पहिली प्रवासी रेल्वे बोरीबंदरहून ठाण्यालाच गेली होती, हे तुम्ही इतिहासात शिकलात. पश्चिम रेल्वेवर चर्चगेटपासून विरार सुमारे ६० किलोमीटर आहे. जाहिरातीत या सगळ्याला "मुंबई" म्हणतात, पण रोज तेवढं अंतर जाऊन यायचं तर ते आपल्यालाच!

आणखी एक लक्षात ठेवा. मुंबईत अंतर किलोमीटरपेक्षा वेळेत मोजतात. कुणाला विचारा, "दादर किती लांब?" उत्तर येईल, "वीस मिनिटं." सकाळी लोकलची गर्दी दक्षिणेकडे असते, संध्याकाळी उलट. ठाण्यात राहिलात तर सकाळी ९ वाजता आजीला घेऊन त्याच गर्दीत चढावं लागेल. मग एक तर ११ नंतर निघायचं, नाही तर भल्या पहाटे.

दादर स्टेशनवर मध्य आणि पश्चिम रेल्वे दोन्ही मिळतात. म्हणून पाहुण्यांना ते भाग सोयीचे पडतात. पण दादर-माटुंग्यापासून दक्षिणेला रिक्षा चालत नाहीत, तिथे टॅक्सी किंवा बेस्टची बस. हेही हिशोबात धरायचं.

पायरी ३ : पूर्ण हिशोब मांडा

आता गणित. खालचे भाड्याचे आकडे फक्त उदाहरणासाठी घेतले आहेत. तुम्ही शोधाल तेव्हा त्या दिवसाचे खरे आकडे टाका. दिवाळी आणि नाताळात भाडी वाढतात.

पर्याय अ : फोर्टमध्ये लॉजच्या २ खोल्या, प्रत्येकी २,४०० रुपये.
पर्याय ब : ठाण्यात २ बीएचके फ्लॅट, रात्रीचे ३,२०० रुपये, साफसफाईचे एकदाच ८०० रुपये.
पर्याय क : दादरला २ बीएचके फ्लॅट, रात्रीचे ४,२०० रुपये, साफसफाईचे एकदाच ५०० रुपये.

नुसतं भाडं बघितलं तर ब सगळ्यात स्वस्त. पण थांबा, अजून तीन ओळी बाकी आहेत.

*राहणं (३ रात्री)*
अ : २ × २,४०० × ३ = १४,४००. त्यावर जीएसटी. २२ सप्टेंबर २०२५ पासून रोजच्या ७,५०० रुपयांपर्यंतच्या हॉटेलच्या खोलीवर हा कर ५ टक्के आहे. म्हणजे ७२० रुपये. एकूण १५,१२०.
ब : ३,२०० × ३ + ८०० = १०,४००.
क : ४,२०० × ३ + ५०० = १३,१००.
(ब आणि क मध्ये कर धरूनच भाडं सांगितलं आहे असं समजा. खरं घर घेताना मात्र विचारून घ्या.)

*जाणं-येणं (३ दिवस)*
५ वर्षांखालच्या मुलाला तिकीट लागत नाही, म्हणून ५ तिकिटं. ठाणे ते सीएसएमटी सेकंड क्लासचं तिकीट १५ रुपये, दादर ते सीएसएमटी ५ रुपये.
अ : बस-टॅक्सीचे रोज २०० धरू. २०० × ३ = ६००.
ब : लोकल ५ × १५ × २ = १५०. घर ते स्टेशन ६ माणसांना २ रिक्षा, ५० रुपये प्रत्येकी, जाऊन-येऊन २००. रोजचे ३५०, तीन दिवसांचे १,०५०.
क : लोकल ५ × ५ × २ = ५०. स्टेशनपर्यंत २ टॅक्सी, ४० रुपये प्रत्येकी, जाऊन-येऊन १६०. रोजचे २१०, तीन दिवसांचे ६३०.

*खाणं (३ दिवस)*
दुपारचं जेवण तिन्ही पर्यायांत बाहेरच, म्हणून ते सोडून देऊ. फक्त नाश्ता आणि रात्रीचं जेवण धरू.
अ : नाश्ता ६ × ६० = ३६०, जेवण ६ × २०० = १,२००. रोजचे १,५६०, तीन दिवसांचे ४,६८०.
ब आणि क : स्वयंपाकघर आहे. पोहे, खिचडी, दूध, भाजी मिळून रोजचे ५०० धरू. तीन दिवसांचे १,५००.

*एकूण बेरीज*
अ : १५,१२० + ६०० + ४,६८० = २०,४०० रुपये
ब : १०,४०० + १,०५० + १,५०० = १२,९५० रुपये
क : १३,१०० + ६३० + १,५०० = १५,२३० रुपये

बघा, घरात गॅस आणि दोन भांडी असली की किती फरक पडतो! लॉज आणि दादरचा फ्लॅट यांच्यातला फरक भाड्यापेक्षा जेवणात जास्त आहे. पण आईने सुट्टीतही तीन दिवस चुलीपुढेच उभं राहायचं का? हेही घरात बोलून ठरवा. पोहे बाबा करतील, भांडी मुलं घासतील, असं ठरलं तरच ही बचत खरी.

पायरी ४ : वेळेची किंमत काढा

ब आणि क मध्ये फरक १५,२३० − १२,९५० = २,२८० रुपये. माणशी ३८० रुपये.

आता वेळ मोजू. ठाण्याच्या घरातून निघून सीएसएमटीला पोचायला रिक्षा, गाडीची वाट आणि प्रवास धरून साधारण दीड तास. जाऊन-येऊन ३ तास. तीन दिवसांत ९ तास. दादरहून साधारण ४० मिनिटं, जाऊन-येऊन ८० मिनिटं, तीन दिवसांत ४ तास. म्हणजे ५ तासांचा फरक. पाच तासांत राणीची बाग निवांत बघून होते!

आणि आजीचं काय? घारापुरीला लाँचने सुमारे एक तास लागतो, वर शंभराहून जास्त पायऱ्या आहेत. आजी म्हणाली, "मी आज घरीच पडते, संध्याकाळी चौपाटीला येते," तर दादरहून हे जमतं. ठाण्याहून जमवायचं तर तिला तिन्हीसांजेला कोण आणणार? एका संध्याकाळी दमून फोर्टहून ठाण्याला २ टॅक्सी कराव्या लागल्या आणि प्रत्येकी ९०० रुपये गेले, तर १,८०० तिथेच संपले. मग फरक उरतो फक्त ४८० रुपयांचा.

याचा अर्थ दादरच घ्या असा नाही. ठाण्यात मावशी राहते, तिच्याकडे एक दिवस जायचंच आहे, तर ठाणंच बरं. आजी-आजोबा नसतील, चौघंही तरुण असतील, तर ब नक्कीच परवडतं. मात्र एक नियम पक्का धरा : घरातल्या ज्या माणसाला चालणं सगळ्यात अवघड जातं, त्याच्या हिशोबाने जागा निवडा. तो माणूस दमला की सगळ्यांचीच सहल थांबते.

पायरी ५ : फोन करून विचारायचे प्रश्न

फोन करताना कागद समोर ठेवा. उत्तरं लिहून घ्या.

१. घर कितव्या मजल्यावर? लिफ्ट आहे का? चालू आहे का?
२. किती माणसांचं भाडं आहे? जादा गादीचे वेगळे पैसे का?
३. पाणी किती वेळ येतं? गॅस, भांडी, फ्रीज आहे का?
४. पाहुणे ठेवायला सोसायटीची परवानगी आहे का? बऱ्याच सोसायट्या थोड्या दिवसांसाठी घर द्यायला मनाई करतात. मग गेटवरच वॉचमन अडवतो आणि सामानासकट आपण रस्त्यावर.
५. किती वाजता आत येता येईल, किती वाजता सोडायचं?
६. डिपॉझिट किती, आणि परत कधी, कसं मिळेल?
७. आमचं जाणं रद्द झालं तर किती पैसे परत?

पाचवा प्रश्न आपल्या सोलापूरच्या कुटुंबाला फार महत्त्वाचा आहे. गाडी सकाळी लवकर येणार आणि घर दुपारी १२ किंवा २ वाजता मिळणार. मधल्या वेळात सामान कुठे? सीएसएमटीला सामान ठेवायची क्लोकरूम आहे. बॅगांना कुलूप हवं आणि प्रवासाचं तिकीट जवळ हवं. परतीच्या दिवशी घर सकाळी सोडून गाडी रात्रीची असते, तेव्हाही हीच सोय कामाला येते.

पायरी ६ : पैसे पाठवण्याआधी

सुट्टीत खोट्या जाहिराती खूप फिरतात. फोटो छान, भाडं अगदी कमी, आणि समोरचा म्हणतो, "आत्ताच पूर्ण पैसे टाका, दुसरं गिऱ्हाईक थांबलंय." इथेच सावध व्हा.

व्हिडिओ कॉलवर घर दाखवायला सांगा. दारापासून गॅलरीपर्यंत. इमारतीचं नाव नकाशात शोधा. मुंबईत कुणी ओळखीचं असेल तर त्यांना एक चक्कर मारायला सांगा. पूर्ण रक्कम आधी देऊ नका. थोडा अॅडव्हान्स, बाकीचे घर बघून. भाडं, तारखा, माणसं, डिपॉझिट हे सगळं मेसेजवर लिहून घ्या, तोंडी बोलणं नंतर कुणाला आठवत नाही. आधारची प्रत मागितली तर पहिले आठ आकडे झाकलेली प्रत द्या.

आणि हे मुलांनो, तुम्ही घरी सांगा : यूपीआयचा पिन पैसे देताना लागतो, घेताना कधीच लागत नाही. "डिपॉझिट परत करतो, पिन टाका," असं कुणी म्हणालं तर फोन ठेवून द्या. फसवणूक झालीच तर लाजू नका, लगेच १९३० या नंबरवर तक्रार करा. जितकी लवकर तक्रार, तितकी पैसे थांबवता येण्याची शक्यता जास्त.

स्वाध्याय

१. वरच्या उदाहरणात कुटुंब ३ ऐवजी ५ रात्री आणि ५ दिवस राहिलं तर ब आणि क यांत किती रुपयांचा फरक पडेल? (साफसफाईचे पैसे एकदाच!)
२. माणसं ६ ऐवजी ३ असतील आणि लॉजची एकच खोली लागली, तर अ पर्यायाचा राहण्याचा खर्च जीएसटीसह किती?
३. तुमच्या कुटुंबाची मुंबईची यादी करा, नकाशावर खुणा करा आणि कोणत्या स्टेशनजवळ राहाल ते कारणासह लिहा.
४. घरातल्या सगळ्यात मोठ्या माणसाला विचारा, "सहलीत तुम्हाला सगळ्यात जास्त त्रास कशाचा होतो?" उत्तर वहीत लिहा आणि ते वाचून तुमची जागा बदलावी लागते का ते बघा.

चौथ्या प्रश्नाचं उत्तर पुस्तकात मिळणार नाही, ते घरातच मिळेल. ते आधी विचारा आणि मगच फोन हातात घ्या. सुट्टीच्या खूप खूप शुभेच्छा!