वादळात सापडलेल्यांस आगबोटींचे साह्य

आपला अहिल्यानगर जिल्हा, म्हणजे पूर्वीचा अहमदनगर, समुद्रापासून बराच आत आहे. आपल्या खेड्यांतील पुष्कळ वृद्ध मनुष्यांनी समुद्र कधी डोळ्यांनी पाहिलेला नाही. मग आगबोटींचा पाठ आम्ही कशासाठी घेतला, असे कोणी विचारील. त्याचे उत्तर आपल्याच जिल्ह्याच्या इतिहासात आहे.

सन १९०० साली या प्रांतात मोठा दुष्काळ पडला होता. त्या वर्षी अमेरिकेतून 'क्विटो' नावाची आगबोट मक्याने भरून मुंबईच्या बंदरात आली. ते धान्य लोकांच्या वर्गणीचे होते, आणि ते उपाशी माणसांपर्यंत पोहोचविण्याच्या कामात अहमदनगरचे रेव्हरंड रॉबर्ट ह्यूम यांनी पुढाकार घेतला होता. ज्यांनी तो मका शिजवून खाल्ला, त्यांनी ती बोट पाहिली नव्हती. तथापि ती कोणी तरी भरली व कोणी तरी हाकली, म्हणून त्यांचा जीव वाचला. यास्तव समुद्रावर घडणाऱ्या साह्याची गोष्ट आपणांस अगदी परकी नाही.

चक्रीवादळ कसे होते

समुद्राचे पाणी पुष्कळ तापले, म्हणजे सुमारे साडेसव्वीस अंश अथवा त्याहून अधिक उष्ण झाले, की त्यावरील वाफेने भरलेली हवा वर चढू लागते. तिची जागा घेण्यास भोवतालची हवा धावत येते, आणि पृथ्वीच्या फिरण्यामुळे ती सरळ न येता चक्राकार फिरते. यालाच आपण चक्रीवादळ म्हणतो. अमेरिकेच्या पूर्वेकडील समुद्रात त्याचे नाव हरिकेन असे आहे. नाव निराळे असले तरी वस्तू एकच. भूमीवर आल्यावर उष्ण पाण्याचा आधार तुटतो व वादळ क्षीण होत जाते. तरी ता. ३ जून २०२० रोजी रायगडच्या किनाऱ्यावर आलेल्या 'निसर्ग' वादळाचा उरलेला जोर घाट चढून पुणे, नगर व नाशिक या भागांपर्यंत आला होता. तेव्हा घाटमाथ्याच्या अलीकडे राहतो म्हणून आपण निश्चिंत असावे, असे नाही.

मुंबईच्या समुद्रातील एक रात्र

सन २०२१ च्या मे महिन्यात अरबी समुद्रात 'तौक्ते' नावाचे वादळ उठले. हवामान खात्याने इशारा काही दिवस आधीच दिला होता. मुंबईच्या पश्चिमेस समुद्रात खनिज तेलाच्या विहिरी आहेत. तेथे काम करणाऱ्या मजुरांची राहण्याची सोय बार्जवर केलेली असते. बार्ज म्हणजे सपाट तळाचे मोठे गलबत. पुष्कळ बार्जना स्वतःचे यंत्र नसते. दुसऱ्या बोटीने ओढल्यावाचून ते हलत नाहीत. इशारा ऐकून बहुतेक नौका बंदराकडे वळल्या. 'पी-३०५' नावाचा बार्ज मात्र २६१ माणसांसह समुद्रातच नांगर टाकून राहिला.

वादळाने नांगर तुटले. बार्ज वाहत जाऊन तेलविहिरीच्या एका लोखंडी मचाणावर आदळला, त्यास भोक पडून पाणी आत शिरले, आणि ता. १७ मे रोजी संध्याकाळी तो बुडाला. माणसांनी तरंगण्याची जाकिटे घालून पाण्यात उड्या टाकल्या. कित्येकजण रात्रभर एकमेकांचे हात धरून लाटांवर राहिले.

नौदलाच्या 'कोची' व 'कोलकाता' या युद्धनौका त्या तुफानातच बाहेर पडल्या. त्यांच्या मागून दुसऱ्या नौका, विमाने व हेलिकॉप्टरे आली, आणि तेलक्षेत्रास सामान पुरविणाऱ्या काही व्यापारी बोटीही या कामी लागल्या. अंधारात, उसळत्या पाण्यात, एकेक माणूस शोधून वर ओढावयाचा होता. बोट फार जवळ नेली तर तीच माणसावर आदळे. दूर ठेवली तर दोर पोहोचत नसे. अशा रीतीने पी-३०५ वरील १८६ माणसे वाचली. 'वरप्रदा' नावाची एक ओढबोटही त्याच वादळात बुडाली. तिच्यावरील १३ जणांपैकी दोघे वाचले. दोन्ही मिळून ८६ मनुष्ये मृत्यू पावली. 'गाल कन्स्ट्रक्टर' नावाच्या दुसऱ्या एका बार्जवरील १३७ जणांना मात्र नौकांनी व हेलिकॉप्टरांनी सुखरूप काढिले.

या मजुरांत निरनिराळ्या प्रांतांच्या खेड्यांतील तरुण होते. आपल्या गावांतील मुलेही पोटासाठी मुंबईस जातात. म्हणून ही गोष्ट वाचताना दोन्ही बाजू मनात ठेवाव्या. सोडविण्यास गेलेल्यांचे धैर्य मोठे, यात संशय नाही. परंतु जी बोट वेळीच वळली, तिच्यावरील माणसांना सोडविण्यास कोणास जावे लागले नाही.

सहलीच्या बोटी आश्रयाच्या बोटी झाल्या

आता दूरदेशीची गोष्ट पाहू. अमेरिकेच्या दक्षिणेस कॅरिबियन समुद्रात पुष्कळ बेटे आहेत. तेथे धनवान लोक मोठमोठ्या आगबोटींत बसून केवळ सहलीसाठी फिरतात. अशी एक बोट म्हणजे तरंगते गावच असते. हजारो माणसांची निजण्याची सोय, स्वयंपाकघरे, दवाखाना, वीज उत्पन्न करण्याची यंत्रे, आणि समुद्राच्या खाऱ्या पाण्यापासून गोडे पाणी करण्याची साधने तिच्यात असतात. बेटावर वादळ झाले म्हणजे ज्या ज्या वस्तू नाहीशा होतात, त्या त्या या बोटीवर तयार असतात.

सन २०१७ च्या सप्टेंबरात 'अर्मा' व 'मारिया' अशी दोन भयंकर वादळे थोड्याच दिवसांच्या अंतराने त्या बेटांवर आली. प्वेर्तो रिको बेटाची सगळी वीज गेली. विमानतळांचे काम विस्कळीत झाले, आणि सहस्रावधी लोक अडकून पडले. तेव्हा रॉयल कॅरिबियन नावाच्या कंपनीने आपल्या 'ॲडव्हेंचर ऑफ द सीज' या बोटीची ठरलेली सफर रद्द केली. ती बोट साह्याचे सामान घेऊन सान हुआन, सेंट क्रॉय व सेंट थॉमस येथे गेली, आणि सुमारे ३,८०० लोकांना घेऊन ता. ३ ऑक्टोबर रोजी फ्लोरिडा प्रांतातील फोर्ट लॉडरडेल बंदरी पोहोचली.

येथे एक गोष्ट ध्यानात ठेवण्यासारखी आहे. कंपन्या धर्मादायासाठी बोटी चालवीत नाहीत, नफ्यासाठी चालवितात. चांगल्या कृत्याने त्यांचे नावही होते, हे खरे. तरी ज्या फेरीचे पैसे येणार होते ती फेरी सोडणे, हा खर्चच होय. त्याशिवाय त्या ३,८०० माणसांना जागा मिळाली नसती. आपले काम जसेच्या तसे चालवून उरलेल्या वेळात करता येईल असे साह्य थोडेच असते. बहुधा काही तरी बाजूस ठेवावे लागते.

समुद्रावर असे साह्य केवळ मर्जीवर सोडलेले नाही. सन १९१२ साली 'टायटॅनिक' बोट बुडून पंधराशे माणसे मेली. त्यानंतर १९१४ साली समुद्रावरील जीवरक्षणाविषयी राष्ट्रांचा पहिला करार झाला. सध्या १९७४ चा करार लागू आहे. त्याप्रमाणे समुद्रात कोणी संकटात आहे अशी वार्ता मिळताच, साह्य करू शकणाऱ्या बोटीच्या कप्तानाने होईल तितक्या वेगाने तिकडे गेले पाहिजे. तो मनुष्य कोणत्या देशाचा, कोणत्या दर्जाचा, हे पाहावयाचे नाही.

फळीवरून परत उतरविलेले

परंतु भूमीवर नियम निराळे होतात. सन २०१९ च्या सप्टेंबरात 'डोरियन' वादळ बहामा बेटांवर आले व ग्रँड बहामा बेटावर एक दिवसाहून अधिक काळ जवळजवळ जागीच थांबले. त्यानंतर 'ग्रँड सेलिब्रेशन' नावाची सहलीची बोट साह्याचे सामान घेऊन फ्रीपोर्ट बंदरी गेली आणि चौदाशेहून अधिक लोकांना फ्लोरिडात सुखरूप घेऊन आली. पुढे एक-दोन दिवसांतच त्याच बंदरातून निघणाऱ्या दुसऱ्या एका उतारू बोटीवर अशी सूचना झाली की, ज्यांच्याजवळ अमेरिकेत जाण्याचा व्हिसा नाही त्यांनी खाली उतरावे. शंभराहून अधिक माणसे, त्यांत लेकरांच्या आया, बोटीवर चढून पुन्हा उतरली. घरे गेली होती, सामान भिजले होते, आणि आता कागदही पुरेना.

राज्यांना नियम लागतात, हे आम्ही नाकारीत नाही. तथापि पौलाचे गलबत फुटले तेव्हा मेलिते बेटावरील लोकांनी भिजलेल्या २७६ जणांसाठी आधी आगटी पेटविली, ही गोष्ट आपल्या मंडळ्यांतील मुलांनाही ठाऊक आहे. चौकशीस वेळ असतो; थंडीने कुडकुडणाऱ्यास वेळ नसतो.

आपल्या गावांसाठी बोध

प्रवरेवर भंडारदऱ्याचे धरण आहे, मुळेवर मुळा धरण आहे, आणि गोदावरी कोपरगावावरून वाहते. पावसाळ्यात धरणातून पाणी सोडण्याची सूचना येते, तेव्हा नदीकाठची वस्ती हीच आपली बोट समजावी. पी-३०५ च्या गोष्टीवरून शिकावे ते हे, की सूचना आली म्हणजे गुरे सोडून, म्हातारी माणसे व लेकरे घेऊन, उजेड आहे तोच वर निघावे. "मागच्या खेपेस पाणी आले नव्हते" हा आधार नव्हे.

आणि जे उंचावर राहतात त्यांनी सहलीच्या बोटीची गोष्ट आठवावी. कोणाचा ट्रॅक्टर आहे, कोणाची विहीर गोड आहे, शाळेची व प्रार्थनामंदिराची किल्ली कोणापाशी आहे, कोणत्या घरी अंथरुणास खिळलेला मनुष्य आहे, हे आधी लिहून ठेवावे. पूर आल्यावर यादी करीत बसण्यास सवड नसते. वस्तीवरचा मनुष्य दाराशी आला, तर त्याची जात व त्याचे कागद विचारण्याआधी त्यास कोरडे वस्त्र व भाकरी द्यावी. त्या दिवशी आपली खुरपणी राहिली तर राहू द्यावी.

उपदेशकांनी पुढील प्रश्न सभेत विचारावे.

१. बार्ज म्हणजे काय? इशारा मिळूनही त्यावरील लोकांना पळता का आले नसेल?

२. सहलीच्या बोटीवर अशा कोणत्या वस्तू असतात, ज्या वादळानंतर बेटावर मिळत नाहीत?

३. कंपनीने सफर रद्द केली नसती तर काय झाले असते?

४. आपल्या गावी पूर आला तर प्रथम कोणास हलवावे लागेल? त्यांची नावे आजच सांगा.

चौथ्या प्रश्नाचे उत्तर तोंडी घेऊन थांबू नये. ते कागदावर उतरून पाळकाजवळ अथवा ग्रामपंचायतीत ठेवावे, आणि पुढील पावसाळ्याच्या आरंभी पुन्हा वाचावे.